हलेल ते सांगायचं

काठीचं टोक बिळाच्या तोंडापासून दोन बोटं डावीकडे टेकलं. वाळूचा लहानसा ढग उठला, विरला, आणि बीळ होतं तसंच राहिलं. आईने काठी उचलून पुन्हा टेकली. या वेळी तीन बोटं. पुन्हा डावीकडेच.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. माझ्या आलं, कारण ऑक्टोपसची बिळं मोजणं हे माझं काम आहे. ग्राविये या आमच्या गावासमोरच्या उथळ पाण्यात मी दोरी ताणते, तिच्या दोन्ही बाजूंची बिळं मोजते आणि मासेमारी खात्याच्या वहीत लिहिते. त्या दिवशी माझी दोरी आणि आईने फिरायला आणलेली पाहुण्यांची पोरं एकाच पट्ट्यात आली होती.

माझी आई सोलांज सदुसष्ट वर्षांची आहे. चव्वेचाळीस वर्षं ती ओहोटीला ऑक्टोपस मारायला या पाण्यात उतरते. तिची काठी बिळाच्या कडेला लागलेली मी कधी पाहिली नव्हती, ती सरळ आत जायची. थकलेला हात चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. ही चूक दर वेळी एकाच बाजूला होत होती. म्हणजे हात ठीक होता.

ऑक्टोपस अंडी घालतात ते दोन महिने त्यांना मारायला बंदी असते. तेवढ्या काळात आई काठीचं लोखंडी टोक काढून ठेवते आणि आमच्या तीन खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांच्या पोरांना पाण्यात नुसतं बघायला नेते. त्या आठवड्यात मॉरिशसहून प्रिस्का नावाची बाई आली होती, तिची तीन मुलं घेऊन. बारा वर्षांची ओरेली, आठ वर्षांचा लोइक आणि चार वर्षांची नोएमी. तिघंही आईला तांतीन म्हणायची, आमच्याकडे मावशीला म्हणतात तसं.

"नोएमी, पायाशी काय?" आईने विचारलं.

"खेकडा! पळाला."

"कुठल्या बाजूला?"

नोएमीने दोन्ही हात पाहिले. "चमच्याच्या हाताच्या."

"लोइक, तुझी घरं?"

"एक दिसतंय. दारात शिंपले पडलेत. एक नांगी पण आहे."

"ताजी का जुनी?"

"मला काय माहीत? चाखून बघू?"

"चाख की. शिकारी म्हणवतोस ना? ओरेली, प्रवाळाच्या कड्याचं काय?"

"कडा आहे तिथेच आहे," ओरेली म्हणाली. "लाटांची पांढरी रेघ तुटलेली नाही, पाणी अजून बाहेरच चाललंय. पण आपण काही तिथे जाणार नाही. नोएमीचा गुडघा आहे ना मधे."

हा आईचा जुना नियम. घोळक्यात सगळ्यांत आखूड जो गुडघा, त्याला पाणी लागलं की सगळ्यांनी मागे फिरायचं. "तुझा गुडघा चार वर्षांचा होता तेव्हा तुझ्यासाठीही कुणीतरी मागे फिरलंच असेल," आई म्हणाली. ओरेलीने तोंड वाकडं केलं, पण डोळे कड्यावरून हलवले नाहीत.

पोरांना कामं वाटून द्यायची ही युक्ती आईने गेल्या वर्षी काढली. धाकट्याने पायाजवळ बघायचं आणि हलेल ते सांगायचं. मधल्याने दहा पावलांतली ऑक्टोपसची घरं शोधायची. थोरल्याने लांबचं बघायचं, कडा, लाटा, होड्या. त्याआधी ती पोरांना नुसती मागे चालवायची. मला ही युक्ती फार आवडली होती. तीन वयं, तीन कामं, कुणी कंटाळत नाही, कुणी भांडत नाही. आमच्या खोल्यांच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं, 'सर्व वयांच्या मुलांसाठी'.

आता दोरीचं टोक हातात धरून मी त्याच युक्तीकडे नव्याने पाहत होते. पायाजवळचं, दहा पावलांवरचं, लांबचं. तिघांची बेरीज केली तर माणसाचा एक पुरता डोळा होत होता.

दुपारी ओट्यावर टोपी विणायचं काम होतं. नोएमी केवड्याच्या वाळलेल्या पाती एकीपासून एक सोडवत होती, लोइक बूड विणत होता, ओरेली काठ. आई मधे बसून तिघांच्या चुका उलगडत होती, तेही समुद्राकडे तोंड करून. बोटं एकदाही अडली नाहीत.

"ओरेली, विमानातून आमचं पाणी कसं दिसतं ग?"

"तू कधीच नाही पाहिलंस?"

"मी विमान खालून बघते. पोटासकट सगळं दिसतं."

लोइक हसला. ओरेलीने काठ खाली ठेवला आणि जरा विचार केला. "आधी नुसतं गडद निळं. मग ती पांढरी रेघ. रेघेच्या आत एकदम हिरवं, आणि हिरव्यात निळे रस्ते. तुमचं बेट मधे एवढुसं. पाणीच बेटापेक्षा मोठं आहे."

"रस्तेच ते," आई म्हणाली. "होड्यांचे. त्यातला एक आपल्या दारात येतो. तो दिसला?"

"दारं नाही दिसत तेवढ्या वरून."

"मग काय बघितलंस!" आई म्हणाली. पण पात तिच्या हातात तशीच राहिली.

पोरं पपईच्या मुरंब्याचे केक खायला आत पळाली तेव्हा मी तिच्याशेजारी बसले.

"आई, किती दिसतं तुला?"

"लागतं तेवढं दिसतं."

"काठी डावीकडे पडते तुझी. सकाळपासून बघतेय."

"काठी माझी आहे. पडेल तिथे पडेल." तिने पात चिरली. "लिहिलंस का वहीत?"

"लिहिलं."

"लिही, लिही. आईचीही मोजणी कर. माझ्यावर बंदी कधीपासून?"

मला हसू आलं, आणि तिला तेच हवं होतं. हसलं की विषय संपतो, हे तिला माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

लिंबाच्या लोणच्याच्या बरणीखाली दवाखान्याचं एक पाकीट होतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन मॉरिशसला. पहिली तारीख आली तेव्हा घेवडा काढायचा होता. दुसरी आली तेव्हा शेळी व्यायला झाली होती. तिसरी तारीख पुढच्या गुरुवारची होती आणि तिचं कारण अजून ठरायचं होतं.

"गुरुवार," मी म्हणाले.

"तुझे बाबाही परतीचं तिकीट घेऊनच गेले होते."

बाबा पोटाच्या साध्या ऑपरेशनसाठी मॉरिशसला गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग बिस्किटांच्या डब्यात आहे. मी विज्ञान शिकले आहे. दोन ऑपरेशनांचा एकमेकांशी संबंध नाही, हे तिला आकडे मांडून सांगू शकते. दोनदा सांगितलंही होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे आकडे खरे असतील. पण डबा माझ्याकडे आहे."

"निदान पोरांना तरी नेऊ नकोस पाण्यात," मी म्हणाले.

"का? तिघं आहेत की बघायला."

हे तिच्या तोंडून निसटलं. आम्ही दोघींनी ते ऐकलं. तेव्हाच मी ठाम राहायला हवं होतं. मी एवढंच म्हणाले, "उद्या मी पण येते बरोबर."

"ये. तुला कुठलं वय देऊ?"

दुसऱ्या दिवशी ओहोटी नऊच्या सुमारास होती. वारा पडला होता, पाणी इतकं स्वच्छ की काठीची सावली तळाशी वेगळी दिसत होती. पुढे आई आणि तिच्या हाताशी नोएमी, मागे ओरेली, शेवटी लोइक आणि मी. लोइक मला त्याने शोधलेल्या घरांची यादी ऐकवत होता आणि माझ्या वहीत ती नाहीत म्हणून चिडवत होता.

"काकडी!" पुढून नोएमीचा आवाज आला. "समुद्राची काकडी. हळू हळू हलतेय."

"छान. अजून?"

"छोटे मासे. सात. नाही, पुष्कळ."

मग ती काही बोलली नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. समोर गवताळ वाळू होती आणि वाळूत एक खडबडीत, शेवाळलेला दगड. ती त्याच्यावर चढून उभी राहणार होती, पोरं राहतात तशी, उंच होण्यासाठी. तिने एक पाय उचलला.

ओरेलीचं काम लांब बघायचं होतं. तिने खाली का पाहिलं हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. ती एक शब्द न बोलता पुढे झाली, नोएमीला काखेत हात घालून उचललं आणि तशीच मागे मागे येत राहिली. मी पोचले तेव्हा तिने नोएमीला अजून खाली ठेवलं नव्हतं.

"त्या दगडाला डोळा आहे," ती म्हणाली.

दगडमासा होता. वीतभर लांब, पाठीचे विषारी काटे आडवे पाडून बसलेला. त्या काट्यांपुढे नोएमीच्या पातळ प्लॅस्टिकच्या चपलेचा काय टिकाव लागणार! वाळूत तिच्या टेकलेल्या पायाचा ठसा होता, तिथून तो चार बोटांवर होता. हे अंतरही मी डोळ्यांनी मोजलं, सवयीने, आणि स्वतःचीच लाज वाटली.

आईने अगदी मऊ आवाजात विचारलं, "नोएमी, तू सांगितलं का नाहीस बाळा?"

"तो हलला नाही," नोएमी म्हणाली. तिला रागावतायत की काय असं वाटून तिचा ओठ वाकडा झाला. "तू म्हणालीस ना, हलेल ते सांगायचं."

आईच्या नियमात चूक नव्हती. हलणारं पोरांनी बघायचं आणि न हलणारं ती स्वतः बघायची, कारण न हलणारं ओळखायला चव्वेचाळीस वर्षं लागतात. बाकी सगळी कामं तिने वाटून दिली होती. स्वतःच्या वाट्याचं काम तेवढं तिने कुणाला दिलं नव्हतं, आणि ते आता होतही नव्हतं.

"कुठे आहे?" तिने मला विचारलं.

मी तिची काठी धरून दिशा दाखवली. ती वाकली, आणखी वाकली, टोपीची कड पाण्याला लागली.

"वाळू दिसते," ती म्हणाली. "मला नुसती वाळूच दिसते ग मर्ली."

परत येताना कुणी कुणाचा हात धरला होता हे सांगणं अवघड होतं. नोएमी आईच्या अर्धं पाऊल पुढे चालत होती आणि आता काहीच सोडत नव्हती.

"दगड. हा हलत नाही. अजून एक दगड, हा पण हलत नाही. शिंपला, तुटका. गवत. गवत. दगड, तांतीन, मोठा. तुझा बूट. माझी चप्पल."

"हं," आई प्रत्येकाला म्हणत होती. "हं. बरं झालं सांगितलंस."

लोइक माझ्याशेजारून चालत होता, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी खाली बघत.

प्रिस्का पंचे घेऊन वाळूवर बसली होती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पाण्यातून आलेली बाई आधी बूट काढते, पाणी ओतते. आईने तसं काही केलं नाही.

"प्रिस्का, तुझ्या लेकीचा पाय आज दगडमाशावर पडता पडता वाचला. थोरलीने वाचवलं. मी पुढे होते, पण मला तो दिसला नाही." ती थांबली. "मला दिसतच नाही. पोरांकडून विचारून विचारून चालवत होते."

प्रिस्काने नोएमीला मांडीवर ओढलं, चपला काढल्या आणि पायाचं एकेक बोट दाबून पाहिलं.

"दहा आहेत," लोइक म्हणाला. "मी मोजली."

प्रिस्काच्या चेहऱ्यावर राग आला, थांबला, मग दुसरं काहीतरी आलं. तिने ओरेलीलाही जवळ ओढलं. "कधीपासून असं आहे, तांतीन?" तिने शेवटी विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"हिला माहीत होतं," आई माझ्याकडे हात करून म्हणाली. "ही बोलत होती, मी ऐकत नव्हते. तिला नको काही म्हणूस."

ते पूर्ण खरं नव्हतं. मी बोलण्यापेक्षा मोजतच जास्त होते.

नोएमीने आईच्या ओल्या स्कर्टची कड ओढली. "मग उद्या आम्हाला कोण नेणार?"

"मर्ली नेईल. ती मोजत बसेल, तुम्ही कंटाळाल, पण नेईल."

"आणि तू?"

आईने टोपी काढली. केवड्याचा ओला काठ तिने बोटांनी चाचपून गोल फिरवला, जिथून विणायला सुरुवात केली होती ती गाठ सापडेपर्यंत. मग ती माझ्याकडे वळली. नेमकी माझ्याकडे नाही, दोन बोटं डावीकडे.

मी तेवढी सरकून तिच्या नजरेसमोर उभी राहिले.

"गुरुवारी जाते मी," ती म्हणाली. "तिकीट काढ. परतीचंही काढ. जाताना कुठेही बसव, येताना मात्र मला खिडकी हवी."