फळीवरचे सात जबडे

मी कवळ्या करते. दरवर्षी प्लास्टरचं नवं पोतं आलं की आधी नवऱ्याच्या तोंडाचं माप घेऊन बघते. गिऱ्हाइकाच्या जबड्यावर प्रयोग नको. मापाचा ट्रे तोंडातून काढायचा, नळाखाली धुवायचा, मग प्लास्टर ओतायचं. असे त्याचे सात जबडे लॅबच्या फळीवर ओळीनं बसलेत. "घरी एक बोलतो, इथे सातही गप्प. चैन आहे तुझी," तो म्हणतो.

यंदाचा सातवा ठेवला आणि भर दुपारी अंगावर काटा आला. दात वाढत गेले होते. पहिल्या जबड्यात नेटके, शेवटच्यात लांब, फटी पडलेले, पुढे झुकलेले. कुणीतरी हसत हसत एकेक पाऊल माझ्याकडे येत होतं. मी फळीवर फडकं टाकलं.

प्लास्टर फुगतंय म्हणून दुकानदारावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. तो म्हणाला, "ताई, त्याच पोत्यातून तुमच्या दातांचं माप ओतून बघा की." ओतलं. माझे दात होते तसेच होते. म्हणजे दोष प्लास्टरचा नव्हता.

जबडे पिशवीत घालून, नवऱ्याला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "दात वाढले नाहीत, हिरड्या मागे सरल्यात. आतलं हाडही झिजलंय," त्या म्हणाल्या. "यांची साखर कधी तपासली होती?" कधीच नाही. तपासली तर तीनशे चाळीस. "वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि सुजलेल्या हिरड्या साखर उतरू देत नाहीत. दोघी एकमेकींना पोसतात. मापाला रक्त लागत असेल ना?"

लागत होतं. दरवर्षी गुलाबी पाणी नळाखालून वाहून जायचं आणि मला वाटायचं, आपलाच हात जड. स्वच्छतेचा केवढा तोरा होता मला!

"औषधं घ्या, हिरड्या साफ करू. तीन महिन्यांत साखर उतरली, रक्त थांबलं, तर दात राहतील. नाहीतर काढावे लागतील."

"कवळी घरचीच आहे," नवरा म्हणाला.

जबडे पुन्हा फडक्याखाली गेले. त्या तीन महिन्यांत गुलाबी मेण वितळवलं की माझे हात आपोआप त्याच्याच मापाची हिरडी रचू लागायचे. भान आलं की मी ती मोडून टाकायची. फडक्याकडे पाठ करून बसायची, तरी मागून कुणीतरी हसतंय असं वाटायचंच.

आज सकाळी साखरेचा कागद आला, आकडा बराच उतरलेला. दुपारी माप घेतलं आणि सवयीनं नळाशी गेले. हात तोटीवर थांबला. माप खिडकीच्या उजेडात धरून एकेक खड्डा पाहिला. लाल कुठेच नव्हतं.

"बोल की काहीतरी," तो मागून म्हणाला. मी माप त्याच्यापुढे धरलं.

प्लास्टर ओतलं, सुकलं, फडकं काढलं. आठवा जबडा सातव्याशेजारी ठेवला. दात तसेच लांब. गेलेली हिरडी परत येत नाही. पण पट्टी लावून मोजलं, पुन्हा मोजलं. आठवा सातव्याच्या पुढे गेला नव्हता. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.