तीन सेकंद

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. काळं अंग, पिवळी दोरी, आणि एक बटण, ज्यावरचं अक्षर कधीच पुसून गेलं. मुलींना धावणं शिकवणाऱ्या पुष्कर सरांनी मला सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतलं आणि गळ्यात घातलं. अकरा वर्षं मी तिथेच होतो. मैदानावरच्या मुली धावून आल्या की आधी माझ्याकडे बघत, मग पाण्याकडे. त्याचा मला फार अभिमान वाटे.

पायल आमच्याकडे आली तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील धम्मानंद गांधीबागेत कापडाचे गठ्ठे उचलत. सतराव्या वर्षी ती पंधराशे मीटर चार मिनिटं बत्तीस सेकंदांत धावली, आणि सरकारी क्रीडा हॉस्टेलचं पत्र आलं. राहणं, जेवण, शिक्षण, चार वर्षं सराव. हातात पैसे मात्र नाहीत.

त्याच आठवड्यात बूट विकणाऱ्या एका कंपनीचे साहेब आले. दरमहा वीस हजार, दोन वर्षं. कंपनी सांगेल त्या शर्यती धावायच्या, हॉस्टेलला जायचं नाही. आणि मुख्य अट, वेळ साडेचार मिनिटांच्या आत हवी.

पायलची आई प्रेमिला मैदानावर येऊन म्हणाली, "हॉस्टेलात जा वं पोरी. शिकशीन, पुढं नोकरी लागन."

"चार वर्सं थांबू? बाबाची कंबर पाहून राहिली ना तू?"

"माह्या कमरेचं कारण नको सांगू," धम्मानंद म्हणाले. "तुले काय पाहिजे ते बोल."

"मले आत्ता पैसे पाहिजे, बाबा."

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. पायल सुटली आणि दोन पावलं पुढे गेल्यावर सरांनी माझं बटण दाबलं. शेवटी ती रेषेला पोचण्याआधीच पुन्हा दाबलं. साहेब मोबाइलवर बोलत होते. माझ्या काचेवर चार एकोणतीस आले. करारात सरांचाही दरमहा वाटा होता. मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. माझ्याकडून बोलवून घेतलं.

पायल उड्या मारत होती. तिने हॉस्टेलला नकार लिहून दिला.

पहिल्या पगारात धम्मानंदांचं गठ्ठे उचलणं थांबलं. पण स्पर्धांत वेळ मशीन मोजतं. तिथे कधी चार तेहेतीस, कधी चौतीस. कंपनीचे फोन येऊ लागले. पायलला वाटलं, आपणच ढिल्या पडलो.

"सर, एकदा एकोणतीस आले. आता काहून येऊन नाही राहिले?"

"मेहनत कमी पडते," सर म्हणाले.

मग ती दिवसातून दोन वेळा धावू लागली. रविवारी कंपनीच्या रस्त्यावरच्या शर्यती, सोमवारी पुन्हा मैदान. नडगी दुखू लागली, तर तिने पट्टी बांधली. एका सकाळी तिसऱ्या फेरीला ती बसली ती उठलीच नाही. हाडाला चीर गेली होती. तीन महिने धावता येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कंपनीने तोच कागद पुढे करून करार संपवला. हॉस्टेलमधली जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. धम्मानंद पुन्हा गांधीबागेत गेले.

आता पायल धरमपेठेत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. मागच्या महिन्यात ती लंगडत मैदानावर आली.

"खरं सांगा सर. त्या दिवशी मी चार एकोणतीसच पळली होती ना?"

सर मला मुठीत धरून म्हणाले, "हो वं. पळली होती."

"तेवढं तरी माहं आहे," ती हसून म्हणाली आणि कामावर गेली.

सरांनी त्याच दिवशी मला गळ्यातून काढलं आणि कपाटात टाकलं. इथे जुन्या पावत्या आहेत, अंधार आहे.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. एखाद्या पोरीने आपली वेळ विचारली, तर जी असेल तीच सांगा. पायलची खरी वेळ चार बत्तीस होती. तेवढ्यावर तिला हॉस्टेल मिळालं होतं.