घरगुती मोटारीचं भाडं

मी शिरवणे गावच्या देवजीची मोटार बोलतेय. तोंड चेपलेलं, काचा फुटलेल्या, अशी पोलीस चौकीमागे उभी आहे.

त्र्याऐंशी साली देवजीनं मला मुंबईच्या एका डॉक्टरांकडून जुनी विकत घेतली. शेतं सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती, हाताला काम नव्हतं. त्याची बायको पुतळा, तिनं मला हळदकुंकू लावलं. थोड्याच दिवसांत देवजी फाट्यावरून वाशीपर्यंत भाडं मारू लागला. बसला कंटाळलेली माणसं माझ्यात कोंबून बसायची.

त्यांत जयमाला होती, वाशीच्या शाळेतली शिक्षिका. तिनं एकदा विचारलं, "देवजीभाऊ, टॅक्सीचं परमिट काढलंत का? विमा?"

"इमा हाय ना, बाई! घरच्या गाडीचा."

"तो भाड्याच्या माणसांना लागू होत नाही. उद्या काही झालं तर कंपनी हात वर करेल."

"येवढ्याशा वाटंत काय व्हनार हाय?" देवजी हसला.

मी टॅक्सी असते तर दरवर्षी तपासणी झाली असती. माझ्या पोटाखाली कुणी वाकून पाहिलंच नाही. ब्रेकचं तेल गळत होतं. देवजीचा पाय रोज थोडा जास्त खाली जायचा. मला कळत होतं, ओरडता येत नव्हतं.

एका सकाळी तुर्भ्याजवळ पुढचा खडीचा डंपर थांबला. देवजीनं सगळा जोर लावला. मी थांबले नाही.

जयमालाचं खरचटण्यावर निभावलं. शेजारी बसलेल्या रखमाचा पाय मात्र कापावा लागला. बाजारात कांदे निवडायचं काम करायची ती.

इस्पितळात पुतळानं जयमालाचे पाय धरले. "बाई, तुमी समदी आमची पावनी व्हता म्हना. भाड्याचं बोलू नका. कंपनीनं पैसं दिलं तर रखमालाबी मिलतील."

खाटेवरून रखमा म्हणाली, "पाव्हणी कशाची? म्या रोज भाडं दिलंय. पाय गेला माझा. आता खोटंबी मीच बोलू व्हय?"

जयमालानं जबाबात खरं तेच सांगितलं. कंपनीनं हात झटकले. देवजीवर खटला चालू आहे, घर विकायला काढलंय, मलाही. रखमाच्या हाती अजून काहीच आलेलं नाही.

काल एकजण मला बघायला आला. इंजिन चालू करून कान लावला, सीटवर हात फिरवला. "मागं पाच, पुढं तीन आरामात बसतील," तो हवालदाराला म्हणाला. "वाशी लाइनला मस्त चालंल."

कुणीतरी अडवा त्याला. मला भंगारात काढा, पत्रा कापा, वितळवा. पण पुन्हा माणसं भरू नका माझ्यात.