बापलेकीच्या भांडणातला कीबोर्ड

मित्रांनो, माझ्याशी आयुष्यभर सगळे बोटं आपटूनच बोलले, त्यामुळे माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका. मी कीबोर्ड आहे. जुना, जाड आणि वजनाला विटेसारखा. माझी एक कळ दाबली तरी घरभर ऐकू जाते. माझं तोंड कायम पडद्याकडे, म्हणून माझ्यावर जे जे लिहिलं गेलं ते मी सगळं वाचलं आहे.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं तो सुट्टीचा दिवस होता आणि नेहमीसारखाच वाईट चालला होता. म्हणजे मुलगी घरी आली होती.

माझे मालक, म्हणजे तिचे बाबा, वेबसाइट तयार करायचे. मुलगीही तेच करते, एका मोठ्या ऑफिसात. एका म्यानात दोन तलवारी. त्यांच्या घरापासून जवळच एक डायलिसिस केंद्र आहे. किडनी निकामी झालेल्यांचं रक्त तिथे यंत्रातून स्वच्छ करून देतात. कोणाची पाळी कधी आणि कोणत्या खुर्चीवर, हे पेशंट घरबसल्या फोनवर ठरवतात, ते बाबांच्या वेबसाइटमुळे. बाबांनी ती माझ्यावरच लिहिली होती. कोड लिहायला एक साधा एडिटर, माहिती साठवायला एक डेटाबेस आणि सगळा कोड एकाच लांबलचक फाइलीत.

मुलीने तीच वेबसाइट नव्याने बांधून आणली होती, फ्रेमवर्क वापरून. फ्रेमवर्क म्हणजे दुसऱ्यांनी आधीच उभा केलेला सांगाडा. आपण फक्त भिंती भरायच्या. पण हा सांगाडा एकटा येत नाही, लग्नाच्या वऱ्हाडासारखा परक्या कोडची शंभर पॅकेजं घेऊन येतो. केंद्राच्या मोठ्या सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं, दोघांनी मिळून काय ते ठरवा, आम्हाला पेशंटची पाळी चुकायला नको.

दोघांनी मिळून! मला हसता येत असतं तर मी हसलो असतो.

बाबांची परीक्षा ठरलेली होती. टेबलाच्या खणातला काच तडकलेला स्वस्त फोन काढायचा आणि जिन्याखाली चपलांच्या कपाटाशी जाऊन उभं राहायचं, कारण तिथे सिग्नल सगळ्यात कमी. जे पान तिथे उघडेल ते खरं. मुलीचं पान घेऊन ते तिथे गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"बाईसाहेब, तुमचं पान उघडलं नाही, चाक अजून फिरतंय."

"तो फोन कचऱ्यात टाका, बाबा."

"टाकतो. तो वापरणाऱ्या पेशंटांना कुठे टाकू?"

मुलीचे कान लाल झाले. ती म्हणाली की फोन बदलतात, नेटही सुधारतं, पण एका फाइलीतलं हे चऱ्हाट तुमच्यानंतर कोण सांभाळणार? हात लावायला गेलं की कुठला दोरा कुठे ओढला जाईल, ते तुमचं तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

"तू नको सांभाळूस," बाबा म्हणाले. "तुला कुणी आमंत्रण दिलंय?"

मग तिचा कोड त्यांनी ओळीओळीने वाचला आणि ओळीओळीला नाक मुरडलं. ही ओळ कशाला? हे नाव असलं कसलं? आईने आतून विचारलं, दोघं काही खाणार आहात की एकमेकांनाच खाणार? मुलगी न खाताच निघून गेली. बाबांनी माझ्यावर दोन ओळी खडाखडा आपटल्या, पुसल्या आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

आता माझ्याबद्दल सांगतो. मी ज्या कारखान्यात जन्मलो तिथे प्रत्येक कळीखाली स्प्रिंग बसवायचे. आजच्या सपाट, मुक्या कीबोर्डांना ते सुख माहीत नाही, आणि मीही त्यांना पाण्यात पाहतो. बाबांनी मला दुकानात वाजवून पाहून निवडलं. ते मला ब्रशने झाडायचे, माझ्या कळा काढून साबणाच्या पाण्यात धुवायचे. मुलगी लहान असताना तिने पहिलं वेबपान माझ्यावरच केलं. पिवळ्या पानावर जांभळी अक्षरं, आणि मध्ये एक मांजर. ती शाबासकीची वाट बघत उभी राहिली. बाबांनी पान नीट वाचलं आणि म्हणाले, "शेवटचा कंस बंद केला नाहीस." मांजराबद्दल चकार शब्द नाही. विळ्याभोपळ्याचं नातं तिथूनच सुरू झालं असावं.

बाबा गेल्यावर आईने माझ्यावर टॉवेल टाकला. भेटायला येणारे माझ्या शेजारीच पाण्याचे पेले ठेवायचे. माझ्यासारख्याला पाण्याचं किती भय असतं, हे कुणाच्या गावी नव्हतं.

मग मोठ्या सिस्टरांचा फोन आला. एक यंत्र बिघडलं होतं आणि त्यामुळे साऱ्या पाळ्या बदलायच्या होत्या. मुलगी आली, टॉवेल बाजूला फेकला आणि बाबांच्या फाइलीत हवा तो बदल करून गेली. दुसऱ्या सकाळी केंद्रात एकाच खुर्चीसमोर दोन पेशंट उभे. एकाला रिकाम्या खुर्चीसाठी दुपारपर्यंत ताटकळावं लागलं, पाय सुजलेले असताना. सिस्टरांनी तिला फोनवर धारेवर धरलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बाबांच्या हातून असं कधी झालं नसतं."

तिने फोन ठेवला आणि फाइल पुन्हा उघडली. खुर्च्यांचा हिशोब बाबांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी चिकटवलेला होता. तिने एक बदलला होता, दोन तसेच राहिले होते.

"तीन ठिकाणी, बाबा?" ती रिकाम्या खोलीवर ओरडली. "आणि मला अक्कल शिकवत होतात!"

आई दारात येऊन उभी राहिली. मुलगी ओशाळली.

"भांड," आई म्हणाली. "घर फार शांत झालंय."

मुलीने आपली वेबसाइट बाहेर काढली. ती तयारच होती, फक्त इंटरनेटवर चढवायची बाकी होती. तरी तिने खणातला फोन घेतला आणि जिन्याखाली गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा फोनवर चाक फिरतच होतं आणि तिचं तोंड बघवत नव्हतं. तिने आपल्या पानातून फ्रेमवर्क उपटून काढलं, वऱ्हाडासकट, आणि पेशंटचं पान साधं, हलकं, हाताने लिहिलं. खुर्च्यांचा हिशोब मात्र एकाच जागी ठेवला आणि चूक झाली की बोंब मारणाऱ्या छोट्या चाचण्या लिहिल्या. असल्या चाचण्यांना बाबा नेहमी हसायचे. हे सगळं तिने माझ्यावर लिहिलं, मला खटारा म्हणत, माझी अडकणारी कळ दोनदोनदा दाबत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी तुमची रजा घ्यावी हे तुम्हाला अपेक्षित असेल. पण 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांचाही मला रागच येतो. माझी एक कळ अडकते, म्हणजे अडकते. मला जपायचं असेल तर ती कळ उघडून बघा, खालची धूळ काढा. नुसतं कपाटावर ठेवून हात जोडू नका.

काम संपलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. नवं पान सुरू झालं होतं आणि केंद्रातून तक्रार आली नव्हती. मुलीने पडदा जरा वळवला आणि आपली खुर्ची थोडी सरकवली, शेजारी कुणाला नीट दिसावं म्हणून. मग तशीच बसून राहिली. आई आत होती. माझ्या कळांवर मुलीची बोटं नुसती टेकलेली होती, दाबत नव्हती.

"तुमचं सगळं मला आजही पटत नाही, बाबा," ती म्हणाली. "ऑफिसात माझं कुणी वाचत नाही. छान म्हणतात आणि पुढे जातात. मी नीट लिहायचे, ते तुम्ही वाचाल म्हणून."