एकशे साठचा काटा

मित्रांनो, मी लांबच्या प्रवासासाठी बनवलेली एक जुनी मोटरसायकल. वय पन्नास. मला काहीही विचारा, पण मी किती वेगाने पळते ते विचारू नका. गेल्या महिन्यापर्यंत मी ते तोऱ्यात सांगितलं असतं. आता माझाच गोंधळ उडाला आहे.

माझा जन्म जपानमधल्या हमामात्सुच्या एका कारखान्यात झाला. चार सिलिंडर, लाल टाकी आणि दोघांना ऐसपैस बसता येईल अशी सीट. मला शर्यतीसाठी घडवलं नव्हतं. सकाळी निघावं, दिवसभर एका लयीत पळावं आणि संध्याकाळी चालवणाऱ्याची पाठ दुखू नये, हे माझं काम. तरी दुकानात येणारा प्रत्येक जण आधी वाकून माझा मीटरच बघायचा. त्यावर दोनशे वीसपर्यंत आकडे होते. माणसांना त्या आकड्यांचं एवढं काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

होक्काइदो बेटाच्या उत्तर भागात, बिफुका गावात दूध संघाचा टँकर चालवणारा त्सुनेओ निशिवाकी मला घरी घेऊन आला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आठवडाभर टँकर चालवूनही त्याची रस्त्याची हौस फिटत नसे. सुट्टी मिळाली की आम्ही निघालोच. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्या देशातून मोटरसायकलवाले येतात. समोरून येणारा ओळखीचा असो वा नसो, डावा हात उंचावून त्याला रामराम करायचा, अशी तिकडची रीत. त्सुनेओ तर सायकलवाल्या पोस्टमनलाही हात करायचा.

संध्याकाळी तळावर तंबू ठोकून झाले, की भाजलेला मका खाता खाता एकच विषय निघे.

"काय रे, तुझी किती जाते?"

"एकशे तीसला नेलीय," त्सुनेओ हळूच सांगे.

"एकशे तीस? एवढी मोठी गाडी घेऊन? दूध नासेल म्हणून हळू चालवतोस की काय?"

सगळे खो खो हसत. तो मान खाली घालून मका खात बसे. मला त्यांचाही राग येई आणि त्याचाही. माझ्यात आणखी पुष्कळ वेग होता, पण मूठ पिळणारा हात त्याचा होता. तो हात जात्याच भित्रा.

१९७७ च्या वसंतात एक हरीण आडवं आलं. हरीण उठून पळून गेलं आणि आम्ही दोघं चरात. त्सुनेओचं खरचटण्यावर निभावलं. माझा दिवा आणि मीटर फुटला. गावातले मेकॅनिक इवाबुची यांनी मला आठवड्याभरात उभं केलं. पहिल्याच फेरीहून त्सुनेओ ओरडत परत आला.

"इवाबुची-सान! एकशे साठ! सरळ रस्त्यावर एकशे साठ! काय केलंत तरी काय इंजिनाला?"

इवाबुची हात पुसत होते. ते काहीतरी बोलणार होते, पण त्याचा तो फुललेला चेहरा बघून थांबले.

"थोडं इकडेतिकडे केलं," ते म्हणाले. "जपून चालव म्हणजे झालं."

मी पार बुचकळ्यात पडले. वारा तेवढाच लागत होता. मूठ तेवढीच पिळली जात होती. मग काटा एकशे साठवर कसा? पण काटा म्हणतोय म्हणजे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या उन्हाळ्यात त्सुनेओ तळावर ताठ मानेने बसला, आणि खरं सांगते, मलाही ते आवडलं.

पुढच्या ऑक्टोबरात भर दुपारी दूध संघाच्या कचेरीत फोन आला. असाहिकावाच्या इस्पितळातून त्याचा मोठा भाऊ कोझो बोलत होता. आईचं काही खरं नाही, असशील तसा निघ. अंतर जवळजवळ शंभर किलोमीटर. त्सुनेओने हेल्मेटचा पट्टाही धड लावला नाही. सपाट रस्ता लागेल तिथे त्याने काटा एकशे साठवर नेला आणि तिथेच धरला. त्या दिवशी समोरून येणाऱ्या एकालाही त्याने हात केला नाही.

इस्पितळाच्या दारात मला तशीच सोडून तो वर धावला. थोड्या वेळाने दोघं भाऊ खाली आले.

"दहा मिनिटं," कोझो म्हणाला. "दहा मिनिटं आधी आला असतास तर भेटली असती. त्सुने आला का, त्सुने आला का, हेच चाललं होतं तिचं. वाटेत कुठे रमला होतास?"

"एकशे साठने आलोय, दादा." त्सुनेओचे दात वाजत होते. "अख्खा रस्ता एकशे साठ. याहून लवकर कुणीच आलं नसतं."

मित्रांनो, या एका वाक्यावर तो शेहेचाळीस वर्षं जगला. कोझो पुढे वारला. त्सुनेओचं लग्न झालं, मुलं झाली, मुलं शहरात गेली. मी कधी चकचकीत असे, कधी दोन-दोन हिवाळे गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राही आणि कोंबड्या माझ्या सीटवर बसत. पण कुणी माझी चौकशी केली की तो म्हणे, "हिने मला एकशे साठने आईकडे नेलं. हिचा काही दोष नाही." ते ऐकलं की मला बरं वाटे.

आमच्या देशात दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी करावी लागते. इतकी वर्षं इवाबुचीच मला तिकडे नेत. "तुला कशाला खेटे? मी जातो," असं म्हणून ते त्सुनेओला येऊच देत नसत. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी गॅरेज बंद केलं. म्हणून या वेळी त्सुनेओ पहिल्यांदाच स्वतः मला घेऊन गेला.

तिथे माझं पुढचं चाक दोन लोखंडी रुळांवर उभं केलं. रूळ फिरू लागले, चाकही फिरू लागलं. काटा चाळीसवर आला की पायाखालचं बटण दाबायचं, बाकीचं यंत्र बघतं. मला काही समजेना. मी पळत होते, तरी समोरची भिंत काही जवळ येत नव्हती. त्सुनेओने बटण दाबलं आणि पाटीवर हिरवा गोल उमटला. पास.

"आजोबा, पास आहे हं," तपासणारी मुलगी म्हणाली. "पण मीटर बराच पुढे पळतोय. चाळीस दाखवतो तेव्हा खरे बत्तीसच असतात. असा जास्त दाखवणारा मीटर नियमात बसतो, कमी दाखवणारा नाही."

"म्हणजे एकशे साठ दाखवेल तेव्हा?"

तिने मनात हिशेब केला. "एकशे अठ्ठावीस. पण आजोबा, एवढ्या जोरात चालवू नका बरं का!"

ती हसली. त्सुनेओ हसला नाही.

तो थेट इवाबुचींच्या बंद गॅरेजसमोर थांबला. इवाबुची पायरीवर बसून मुळ्याचं लोणचं कापत होते. त्सुनेओने माझ्या मीटरवर बोट ठेवलं. इवाबुचींनी सुरी खाली ठेवली.

"दुसऱ्या जातीच्या गाडीचा बसवला होता, तुझ्या चाकाशी न जुळणारा," ते म्हणाले. "तात्पुरता. तुझा येईपर्यंत. पण तू नाचत आलास. म्हटलं, चार दिवस मिरवू दे पोराला. मग तुझी आई गेली, आणि तू ते एकशे साठ धरून बसलास. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"मूठ शिल्लक होती, इवाबुची-सान." त्सुनेओचा आवाज फाटला. "एकशे साठ बघून मी घाबरलो. म्हटलं, बास, याच्यापुढे माणूस जात नाही. खरा आकडा दिसला असता तर आणखी पिळली असती. आई वाट बघत होती हो माझी!"

म्हाताऱ्या इवाबुचींनी दुखरे गुडघे मोडून जमिनीला कपाळ टेकलं. ते काही केल्या उठेनात. मी काय वाटून घ्यावं ते मला समजेना. माझ्यात वेग होता, हे खरं होतं. तो कुणी मागितला नाही, हेही खरं होतं.

त्सुनेओ त्यांच्या शेजारी खाली बसला.

"उठा," तो म्हणाला. "त्या दिवशी खिंडीतल्या वळणावर ओला पाचोळा होता. मागचं चाक सटकलं, कठड्याला घासून गेलो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आणखी दहाने जास्त असतो, तर आईच्या आधीच वर पोचलो असतो."

इवाबुचींना आधी रडू आलं आणि मग हसू. मग दोघंही लोणचं खात बसले.

दुसऱ्या दिवशी त्सुनेओ मला आईच्या थडग्यापाशी घेऊन गेला. त्याने दगडावर पाणी घातलं, उदबत्ती लावली, हात जोडले.

"आई," तो म्हणाला, "एकशे अठ्ठावीसच होते. थोडी मूठ शिल्लक होती. मला भीती वाटली गं."

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, तर तिचं तेल बघा, ब्रेक बघा, आणि काटा खरं बोलतो का तेही एकदा तपासून घ्या. आम्हाला बोलता येत नाही. त्या दुपारी सपाट रस्त्यावर मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, 'अरे, अजून आहे माझ्यात, पीळ!' मग ते वळण आठवतं, आणि मला वाचा नव्हती हे वाईट झालं की बरं झालं, तेच मला कळत नाही.