काकासाहेबांचा हायब्रीड बिगोनिया

१९९६ साली जुन्या जालन्यात बियाण्यांची दुकानं भरपूर होती, पण घरात बिगोनिया असलेला दुकानदार एकच, काकासाहेब. औरंगाबादच्या विक्रेता मेळाव्यात कंपनीच्या मॅनेजरने स्वतःच्या हाताने ती कुंडी दिली, तेव्हापासून त्यांची मान जरा ताठच झाली होती. पानांवर चांदीचे ठिपके, पाठीमागून गडद लाल रंग आणि लोंबणारे गुलाबी घोस. टीव्हीशेजारच्या खिडकीत कुंडीची स्थापना झाली. आल्यागेल्याला आधी झाड दाखवायचं आणि मग पाणी विचारायचं, असा घरचा रिवाजच पडला.

बायका फांदी मागत. आपल्याकडे कुणाचं नवं झाड पाहून फांदी मागितली नाही, तर ते आवडलं नाही असाच अर्थ होतो. काकासाहेब मात्र हात पाठीमागे बांधून सांगत, "हायब्रीड हाये वहिनी. घरची फांदी लागत न्हाई. दरसाल नवंच आणावं लागतं."

जन्मभर कपाशीचं बियाणं विकताना घोकलेलं वाक्य त्यांनी इथंही चिकटवून दिलं होतं. बायकांना ते पटलं, कारण सगळ्यांचीच गावाकडे कपाशी होती. सांगून सांगून पुढे काकासाहेबांना स्वतःलाही पटलं.

उन्हाळ्यात निरोप आला. नव्या वाणाची तालुक्याची एजन्सी कुणाला द्यायची ते ठरवायला मॅनेजर येणार होता, आणि जेवायला काकासाहेबांकडेच. एजन्सी हुकली तर समोरचा दुकानदार नेणार आणि रोज त्याचा बोर्ड बघत बसावं लागणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. साहेबाला झाड टवटवीत दिसावं म्हणून त्यांनी कपाशीला द्यावा तसा मूठभर युरिया दिला, वरून फवारणीही केली. बिचाऱ्या झाडाने मान टाकली ती कायमचीच.

तेव्हा त्यांच्या पत्नी नंदाबाईंनी शांतपणे सांगितलं की अगदी तसंच झाड शेजारच्या चतुराबाईंकडे आहे. केर काढताना तुटलेली फांदी आपणच त्यांना दिली होती. काकासाहेब बराच वेळ फणफणले आणि मग निमूटपणे चपला घालून गेले. चतुराबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेलाच्या डब्यात, त्यांचंच झाड फुललं होतं. मागताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चतुराबाईंनी काही टोमणा मारला नाही, संध्याकाळी परत आणून द्या एवढंच म्हणाल्या.

मॅनेजर आला, पोटभर जेवला आणि हात पुसता पुसता त्याने विचारलं की हे कसलं झाड. आपण दिल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. मेळाव्याच्या कुंड्या ऑफिसातल्या कुणीतरी घाऊक आणलेल्या असणार.

"मिसेसला आवडेल. एक फांदी द्या," तो म्हणाला.

मदतीला आलेल्या चतुराबाई दारातच उभ्या होत्या. काकासाहेबांची जीभ सवयीने वळली. "हायब्रीड हाये साहेब. फांदी लागत न्हाई."

"मग डबाच नेतो."

जीपमध्ये बसताना त्याने एजन्सी काकासाहेबांना दिल्याचं सांगितलं. डबा मांडीवर घेऊन तो गेला.

"झाड गेलं तर जाऊ द्या," चतुराबाई म्हणाल्या, "माझ्याकडं अजून दोन फांद्या लावलेल्या हायेत. मला एवढंच सांगा काकासाहेब, कपाशीच्या बियाण्याचंबी असंच हाये का?"

काकासाहेबांनी देवाची शपथ घेतली. कपाशीचं खरंच तसं नसतं, घरची सरकी पेरली तर पीक निम्म्यावर येतं, हे त्यांनी गळ्याला हात लावून सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. चतुराबाई हसल्या. नंदाबाईही हसल्या, आणि ते काकासाहेबांना जास्त लागलं.

त्या साली चतुराबाईंच्या धावडा गावच्या शेतात घरचीच सरकी पेरली गेली. फांदीची गोष्ट गल्लीभर झाली आणि बाकीच्यांनीही तेच केलं. नव्याकोऱ्या बोर्डाखाली, पाकिटांच्या थप्प्यांमध्ये बसून काकासाहेब येईल त्याला खरं तेच सांगत राहिले, आणि लोक मान डोलावून समोरच्या दुकानात खत घ्यायला जात राहिले.