उभं असलेलं घरही धरायचं

तपासनीस बाईंनी मिरीच्या नावापुढे 'संख्याज्ञान कच्चे' असं लिहिलं, तेव्हा त्या माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच हातचा चहा पीत बसल्या होत्या. म्हणून जास्त झोंबलं.

मिरी माझी लेक. बोलताना अडखळते. वर्गातली पोरं तिचा शब्द तिच्या आधी पुरा करून हसायची. तिने बोलणं सोडलं, मग आम्ही शाळा सोडली. घरी शिकवायचं तर दरवर्षी तपासणी होते. त्यात नापास झालं की मूल परत शाळेत, तेही एक इयत्ता खाली. म्हणजे तीच मिरी आणि हसायला नवी, ताज्या दमाची पोरं.

मी काही शिक्षिका नव्हे. जे येतं ते वाचून, चुकून, पुन्हा वाचून आलेलं. शिकवायला हाताशी काय होतं, तर घरातली सापशिडी. अट एकच घातली : सोंगटी हलवण्याआधी कुठे पोचणार ते तोंडाने सांगायचं. खेळाच्या नादात पोर अडखळायचं विसरली. कागदावरची बेरीज-वजाबाकी पुस्तक पाहून केली, तोंडी सराव मात्र पटावर, आणि सापाने गिळलं की त्याला चार शब्द लिहून सुनवायचे, हा आमचा निबंध.

त्या दिवशी लेखी गणितं झाल्यावर बाईंनी टेबलावर अंकांची पट्टी पसरली. आठावर एक बटण ठेवलं.

"पाच घरं पुढे गेलीस तर कुठे पोचशील?"

"बारा," मिरी म्हणाली. परक्या माणसासमोर, एका दमात, खणखणीत.

"पंधरावरून चार घरं मागे?"

"बारा."

मी ओट्याशी उभी होते. ऊर असा भरून आला की मी उत्तर ऐकलंच नाही, नुसता आवाज ऐकला. बाईंनी सहीसाठी कागद पुढे सरकवला तेव्हा शेरा वाचला आणि मग ट्यूब पेटली.

"बाई, लेखी गणितं सगळी बरोबर आहेत. पट्टीवरच चुकलीय, ते पण दर वेळी एकाच घराने. कशी मोजते ते विचारा ना तिला."

"उत्तराला रकाना आहे. कसं मोजलं, याला नाही."

पोराला ताप आलाय म्हणावं आणि डॉक्टरने सांगावं, आम्ही फक्त उंची मोजतो.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून सासरे बोलले, "चुकलं कुठे? उभे आहोत ते घर पहिलं. तिथून मोजायचं."

हा सासऱ्यांनी घालून दिलेला आमच्या घराचा कायदा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच खेळात मला एक पडला. मी सोंगटी उचलली तर नणंद म्हणाली, "वहिनी, ठेव खाली. एक पडला की जागेवरच." या माणसाने जन्मभर शिवणकाम केलं, गिऱ्हाइकाच्या कमरेत कधी अर्धा इंच इकडचा तिकडे केला नाही, आणि सापशिडीत मात्र हे. नवी सून काय बोलणार? सोंगटी खाली ठेवली. वर्षं गेली, आणि मलाही तेच खरं वाटायला लागलं.

"बाबा," मी म्हटलं, "यांना सांगा, असं फक्त आपल्याकडेच मोजतात."

"का सांगू?"

"नाहीतर ही शाळेत जाऊन पुन्हा मुकी होईल."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उभ्या आयुष्यात त्यांनी हार मानलेली मी पाहिली नव्हती. "लिहा," ते बाईंना म्हणाले, "म्हातारा चुकीचं शिकवतो."

"चु... चुकीचं नाही," मिरी म्हणाली. "आपलं आहे. बाई, तु... तुमच्या मोजणीने तेरा. आणि अ... अकरा."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण पहिलं उत्तर धरतात."

"मग मी सही करत नाही," मी म्हटलं. कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "दुसरे प्रश्न विचारा. तुमच्या मोजणीने. तोपर्यंत आणखी चहा घ्या."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बटण उचललं. मिरीला या वेळी वेळ लागला. प्रत्येक उत्तर अर्ध्यावर अडकत होतं. एकदा बाईंचे ओठ तिच्या मदतीला हलले. मी खाकरले. त्यांनी तोंड मिटलं, आणि मिरीने 'सतरा' स्वतःच पुरा केला. बरोबर होता. पुढचेही बरोबर.

बाईंनी शेरा खोडला. पास. पोर घरी राहणार. पण सरकारी पेनाला मोकळी जागा सोसवत नाही. खाली नवीन ओळ आली : 'पालकांस मार्गदर्शनाची गरज.'

मी दात-ओठ खात सही केली. बाई गेल्यावर सासऱ्यांनी तो कागद मागवून घेतला, दोनदा वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"पालक म्हणजे तू," ते म्हणाले. "मी आजोबा."